शांत बसलीस तर कागदावर काय उतरणार?

प्रिय ताई,

मी चार वर्षं एका छोट्या कंपनीत बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचं प्रोग्रॅमिंगचं काम करते. एका मोठ्या टेक कंपनीच्या रिक्रूटरचा फोन आला आणि पाच आठवड्यांनी मुलाखतीचे राउंड ठरले. सराव म्हणाल तर कोडिंगचे साडेचारशे प्रश्न सोडवून झालेत. तरी भीती जात नाही, कारण गेल्या वर्षी अशाच एका कंपनीच्या दुसऱ्या राउंडला माझी पार दातखीळ बसली. प्रश्न ओळखीचा होता, पण समोरचा बघतोय या जाणिवेनं काही सुचेना. बराच वेळ मी गप्पच होते, मग घाईघाईत काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी नकार आला, कारण कळलं नाही. आता वाटतं, अजून दोनशे प्रश्न करून टाकावेत का? एक सहकारी म्हणतो, हल्ली सगळेच बाजूला एआय उघडून ठेवतात, तूही ठेव. आधी केलेलाच प्रश्न आला तर नवा असल्यासारखं दाखवायचं का? आणि "कामातला एखादा कठीण प्रसंग सांगा" म्हणाले तर सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. मी आपली रोजचं काम रोज करणारी.

— दातखीळ बसलेली

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही सरळ अगं-तुगं करते.

आधी त्या दोनशे प्रश्नांचा निकाल लावू. करू नकोस. साडेचारशे सोडवून जिची दातखीळ बसली तिची साडेसहाशे सोडवूनही बसेल, कारण अडचण प्रश्न न येण्याची नव्हतीच. प्रश्न ओळखीचा होता हे तूच लिहिलंयस. तुझ्या पत्रात मी ज्या वाक्याखाली रेघ मारली ते दुसरंच आहे: "बराच वेळ मी गप्पच होते." नकार कशामुळे आला हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण पैज लावायची झाली तर मी त्या गप्प बसण्यावर लावेन.

का, ते कळायला मुलाखत संपल्यावर पलीकडे काय होतं ते माहीत हवं. मी बरीच वर्षं त्या पलीकडच्या खुर्चीत बसले आहे. उमेदवार कॉलवरून गेला की मुलाखत घेणाऱ्याला एक फॉर्म भरायचा असतो. कोणता प्रश्न विचारला, उमेदवारानं कोणत्या शंका काढल्या, पहिला मार्ग कोणता सुचवला, हिंट किती लागल्या, कोड चालण्यासारखा होता का, चुका कोणाला सापडल्या, त्याला की मला. लिहिलेला कोड जसाच्या तसा डकवायचा. शेवटी घ्यावं की घेऊ नये याचं मत आणि त्या मताला वरच्या नोंदींचा आधार. 'हुशार वाटली' एवढ्यावर भागत नाही. कशावरून, असं विचारलं जातंच. असे चार-पाच जणांचे फॉर्म जमले की निर्णय होतो, आणि तो करणाऱ्यांपैकी काहींनी तुला पाहिलेलंही नसतं. गुगलमध्ये तर उमेदवाराला न भेटलेल्यांची समिती हे सगळं वाचून मत देते, ही पद्धत तिथे अनेक वर्षं चालत आली आहे. ॲमेझॉनमध्ये मुलाखत घेणाऱ्यांत एक 'बार रेझर' असतो. ज्या टीमला माणूस हवा आहे त्या टीमचा तो नसतो, त्यामुळे जागा भरायची घाई त्याला नसते आणि चर्चेत त्याच्या शब्दाला वजन असतं.

आता तुझं गप्प बसणं या फॉर्मवर कसं दिसेल बघ. कदाचित तेवढ्या वेळात तू दोन चुकीचे मार्ग मनातल्या मनात तपासून बाद केले असशील. ते चांगलंच काम होतं. पण फॉर्मवर येणार ते एवढंच: "उमेदवार बराच वेळ शांत. विचारांची दिशा कळली नाही." लिहिणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला जे ऐकू आलं तेच तो लिहिणार. तेव्हा हे पाच आठवडे एकाच सवयीवर खर्च कर. डोक्यात चाललेलं तोंडावाटे बाहेर आलं पाहिजे, म्हणजे समोरच्याला लिहायला काहीतरी मिळेल.

'मोठ्यानं विचार कर' हा सल्ला तू शंभरदा ऐकला असशील. तो देणारे सहसा तिथेच थांबतात, म्हणून मी एक प्रश्न घेऊन दाखवते.

समज, विचारलं की एका सेवेवर दिवसभरात कोण कधी आलं आणि कधी गेलं याच्या नोंदी आहेत. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण होते ते शोध. हा प्रश्न तू कुठल्या ना कुठल्या वेषात नक्की केला असणार. तरी लगेच टाइप करायला घेऊ नकोस. आधी विचार: एक जण ज्या मिनिटाला गेला त्याच मिनिटाला दुसरा आला, तर दोघं एकत्र होते असं धरायचं का? नोंदी वेळेच्या क्रमानं आहेत का? एखाद्याच्या जाण्याची नोंदच नसेल तर? एकूण नोंदी साधारण किती? यातला पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण त्याच्यावर उत्तरच बदलतं. पण विचारायचे म्हणून विचारू नकोस. काही उमेदवार पाढे म्हटल्यासारखे 'इनपुट रिकामं असेल का, ऋण असेल का' असं विचारत सुटतात आणि उत्तर ऐकतही नाहीत. ते लगेच ओळखू येतं. मिळालेलं उत्तर कोडच्या वर एका ओळीत लिहून ठेव.

मग सगळ्यात बाळबोध मार्ग सांग, अजिबात लाजू नकोस. "प्रत्येकाच्या येण्याच्या क्षणी बाकीचे किती जण आत होते ते मोजता येईल. आकडा वाढतो तो कोणीतरी आल्यावरच, म्हणून तेवढेच क्षण तपासले तरी पुरे. पण नोंदी 1 लाख असतील तर 1 लाख गुणिले 1 लाख, म्हणजे 1000 कोटी तुलना. सेकंदाला 10 कोटी साध्या तुलना धरल्या तरी शंभर सेकंद जातील." एवढ्यात लिहिणाऱ्याला काय काय मिळालं बघ. चालणारं उत्तर मिळालं, ते बरोबर का आहे याचं कारण मिळालं, आणि ते का परवडणार नाही याचा हिशोब मिळाला. पुढे काहीच सुचलं नाही तरी फॉर्म कोरा राहत नाही.

त्यानंतर: "कोण आत आहे याच्याशी मला घेणं नाही, आकडा कधी वाढतो आणि कधी घटतो एवढंच हवंय. येण्याला अधिक एक, जाण्याला उणे एक. अशा 2 लाख घटना वेळेनुसार लावते आणि एकदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेरीज करत जाते." क्रम लावायला 2 लाख गुणिले साधारण 18, म्हणजे 36 लाखांच्या आसपास तुलना. हजार कोटींवरून छत्तीस लाखांवर आलीस आणि कसं आलीस तेही सांगितलंस. इथेच तुझी ती पहिली शंका कामाला येते: येणं आणि जाणं एकाच मिनिटाला असेल तर आधी उणे करायचं की अधिक, हे तिच्या उत्तरावर ठरतं. मला मुलाखतीत विशेष मजा यायची ती इथवर आल्यावर ज्यांना आणखी एक गोष्ट दिसायची त्यांच्याबरोबर. वेळ मिनिटांत दिली असेल तर दिवसात मिनिटं असून असून 1440. मग क्रम लावायलाच नको, मिनिटामिनिटाचा एक ॲरे, म्हणजे ओळीनं मांडलेली घरं, पुरतो. त्यात 1440 घरं हवीत की 1441, हे मात्र मध्यरात्रीच्या ठोक्याला जाणाऱ्या माणसाचा विचार करून ठरव.

कोड लिहिताना बोलणं कमी झालं तरी चालेल. एकाच वेळी टाइप करणं आणि बोलणं पुष्कळांना जमत नाही, ते जमलंच पाहिजे असंही नाही. "आता हा भाग लिहिते, दोन मिनिटं शांत असेन," असं सांगून घेतलेली शांतता कोणाला खटकत नाही. अडकलीस तरी तेच: "इथे मला एकाच फेरीत काम व्हायला हवंय, पण मागचा आकडा कुठे ठेवायचा ते ठरत नाहीये." हे वाक्य ऐकलं की समोरचा मदत करू शकतो. नुसत्या शांततेला हिंट कशी देणार?

हिंटवरून आठवलं. "या ओळीकडे परत एकदा बघतेस का?" असं कोणी म्हणालं तर तिथे चूक असते, जवळपास नेहमीच. त्या ओळीची बाजू मांडत बसू नकोस. हिंट घेतली की गुण कापले जातात या भीतीनं लोक कानाडोळा करतात आणि फॉर्मवर वेगळंच वाक्य येतं: "दोनदा सुचवूनही लक्ष दिलं नाही." हे वाक्य हिंटपेक्षा कितीतरी महागात जातं. ज्याच्याशी रोज कोड रिव्ह्यू करायचा तो माणूस ऐकून घेणारा आहे का, हे समोरचा इथेच बघत असतो.

कोड लिहून झाला की 'झालं' म्हणून हात वर करू नकोस. तीन नोंदींचं छोटं उदाहरण घे आणि ओळीओळीनं, कोणत्या व्हेरिएबलमध्ये आता काय आहे ते म्हणत खाली ये. साध्या कोडमध्येही चूक किती काळ लपते याचं जावाइतकं चांगलं उदाहरण नाही. जोशुआ ब्लॉक यांनी स्वतः जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीसाठी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमानं लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधण्याच्या पद्धतीत) एक चूक होती. सुमारे नऊ वर्षं ती तशीच राहिली, आणि 2006 मध्ये त्यांनीच त्याबद्दल लिहिलं. मधला निर्देशांक काढताना खालचा आणि वरचा मिळवून दोनानं भागलं होतं. ती बेरीज 2147483647 च्या, म्हणजे जावाच्या साध्या पूर्णांकात मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येच्या, पुढे गेली की ऋण होते. बायनरी सर्च विचारला आणि हे आपणहून बोललीस तर उत्तम, पण मुद्दा तो नाही. इतक्या कसलेल्या माणसाच्या कोडमध्ये हे राहतं, तर पाऊण तासाच्या दडपणात तुझ्या-माझ्या कोडमध्ये राहणारच. ते आपल्यालाच सापडलं तर फॉर्मवर चांगलं दिसतं.

आता दातखिळीबद्दल. ती तुझी एकटीची नाही. 2020 साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी प्रश्न फळ्यावर, मुलाखत घेणाऱ्यासमोर, बोलत बोलत सोडवायचा. बाकीच्यांनी खोलीत एकट्यानं. कोणी बघत असलं की कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. समोर माणूस असताना एकाही मुलीचं उत्तर बरोबर आलं नाही, एकट्यानं सोडवणाऱ्या सगळ्या मुलींचं आलं. मुली फार थोड्या होत्या, तेव्हा या शेवटच्या गोष्टीवर मोठे इमले बांधायला नकोत. पण पहिली गोष्ट ऐकून मला तर अशा मुलाखतींचाच राग येतो. कोणी मानेवर बसलेलं असताना कोड लिहिणं हे आपल्या कामात किती वेळा येतं? असो, पद्धत तू किंवा मी बदलेपर्यंत तुझे पाच आठवडे संपतील.

तेव्हा सराव बदल. पोहणं काठावर बसून येत नाही, तसं लोकांसमोर सोडवणं एकट्यानं सोडवून येणार नाही. नवे प्रश्न बंद. साडेचारशेपैकी पन्नास-साठ जुनेच निवड: ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री आणि ग्राफवरची भटकंती, हीप, बायनरी सर्च, थोडं सोपं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. कधीतरी एखादाच विचारतो असे विचित्र अल्गोरिदम सोडून दे. हे जुने प्रश्न मोठ्यानं बोलत, घड्याळ लावून सोडव, आणि साध्या कोऱ्या पानावर, जिथे एडिटर शब्द पुरे करून देत नाही. कित्येक कंपन्यांच्या मुलाखतीत कोड चालवूनही बघता येत नाही. त्या पानावर पहिल्यांदा मुलाखतीच्याच दिवशी बसलीस तर फंक्शनच्या नावातच अडकशील.

आठवड्यातून दोनदा तरी समोर जिवंत माणूस हवा. सहकारी मैत्रीण असेल तर छान, पण प्रोग्रॅमिंग न येणारी व्यक्तीही चालते. तिला एवढंच सांग की मी तीस सेकंद गप्प बसले तर 'आता काय विचार करतेयस?' असं विचार. पहिल्या दोन वेळा तुला तिचा राग येईल. एकदा रेकॉर्डही करून ऐक. स्वतःचा आवाज ऐकणं नकोसं होतं, पण आपण कुठे गप्प होतो ते तिथे साफ कळतं. मुलाखत इंग्रजीत असेल तर सरावाचं बोलणंही इंग्रजीत कर, तुटक वाक्यांत चालेल. 'धिस विल बी स्लो, बिकॉज वी कम्पेअर एव्हरी पेअर' एवढं पुरतं. भाषेचा डौल कोणी फॉर्मवर लिहीत नाही, मुद्दा कळला की नाही ते लिहितात.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण जुनी पुस्तकं चाळत असशील तर तुझा वेळ वाचावा म्हणून सांगते. गटाराची झाकणं गोल का असतात, विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असली कोडी सोडून दे. 2013 मध्ये गुगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनीच जाहीरपणे सांगितलं की अशा कोड्यांतून काही कळत नाही, विचारणाऱ्याला आपण हुशार असल्याचं समाधान तेवढं मिळतं.

ओळखीचा प्रश्न आला तर? तंतोतंत तोच असेल आणि उत्तर तोंडपाठ असेल, तर सांगून टाक: "हा मी अलीकडेच सोडवलाय." यात धोका आहे हे मान्य. ते दुसरा प्रश्न देतील आणि तो अवघडही असेल. पण नाटक करणाऱ्याचं नाटक दिसतं. अडखळण्याच्या जागी तो अडखळत नाही आणि 'असंच का?' विचारलं की गडबडतो. शिवाय समोरच्यानं तोच प्रश्न कित्येकांना विचारलेला असतो. सुचलेलं उत्तर आणि आठवलेलं उत्तर यांतला फरक त्याला कळतो. प्रश्न नुसता त्या जातीचा असेल तर मात्र काही बोलायची गरज नाही. त्याचसाठी तर सराव केलास.

सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दल मला फार चर्चा करायची नाही. लपवून एआय वापरणं म्हणजे फसवणूक, आणि ती कळून येते: डोळे एकाच बाजूला जातात, उत्तराआधी ठरावीक विराम येतो, कोड सफाईदार आणि त्याबद्दलचं बोलणं भोंगळ. काही कंपन्यांनी याचमुळे एखादा राउंड पुन्हा समोरासमोर सुरू केला आहे. उलट काही ठिकाणी एआय उघडपणे वापरू देतात, आणि मग तू त्याच्या चुका पकडतेस का हेच बघतात. तुझी मुलाखत घेणाऱ्या कंपनीचा नियम काय आहे ते रिक्रूटरला सरळ विचार. विचारल्यानं कोणी संशय घेत नाही.

आता 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही'. हे मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात खोटं वाक्य वाटलं. खोटं म्हणजे तू मुद्दाम बोललीस असं नाही. तू शोधलंच नाहीस. चार वर्षं बॅकएंडला काढलेल्या माणसाकडे प्रसंग नाहीत, हे शक्य नाही. एका निवांत दिवशी जुनी तिकिटं, कमिट आणि ऑन-कॉलच्या नोंदी काढून बस. रात्री आपोआप चालणारा जॉब बंद पडला तेव्हा तो कोणी उठवला? डेटाबेसमधून माहिती काढणारी कोणती क्वेरी आठ सेकंद घ्यायची आणि तू काय केल्यावर अर्ध्या सेकंदावर आली? वरिष्ठांच्या डिझाइनबद्दल तुझं मत वेगळं होतं असं कधी झालं, आणि मग तू बोललीस की गप्प राहिलीस? तुझ्यामुळे प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, कधी पडलं? नव्या मुलाला कोणी शिकवलं? 'भव्य' काही शोधू नकोस. आम्हाला भव्य ऐकायचं नसतं. एखाद्या कंपनीचा संपूर्ण कारभार आपण एकहाती नव्यानं लिहिला असं सांगणाऱ्यांना दोन प्रश्न विचारले की ते त्या मीटिंगला हजर होते एवढंच निघतं.

सांगायची पद्धत जुनीच आहे आणि चांगली आहे: परिस्थिती काय होती, त्यात तुझी जबाबदारी कोणती, तू काय केलंस, निष्पन्न काय झालं. बहुतेक जण पहिल्या भागात रमतात. चार मिनिटं सिस्टिमचं वर्णन, आणि स्वतः काय केलं ते एका वाक्यात. हे उलटं कर. परिस्थिती तीन-चार वाक्यांत आटप. आणि 'आम्ही' सोड. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून सभ्य माणूस सगळं श्रेय टीमला देऊन मोकळा होतो. ते घरी शोभतं. फॉर्म भरणाऱ्याला मात्र 'आम्ही क्वेरी सुधारली' यातून तुझ्याबद्दल लिहायला काहीच मिळत नाही. "इंडेक्स कमी आहे हे मला दिसलं, डेटाबेस सांभाळणारा डीबीए नको म्हणत होता, मी त्याला लिहिण्यावर किती भार पडेल ते मोजून दाखवलं." हे लिहिता येतं. शेवटी आकडा असला तर सांग, नसला तर बनवू नकोस. खोदून विचारतात ते याचसाठी: 'मग तो काय म्हणाला?', 'दुसरा पर्याय का नाही घेतलास?' घडलेला प्रसंग अशा प्रश्नांनी जास्त रंगतो, रचलेला तिसऱ्या प्रश्नाला फाटतो.

ॲमेझॉनसारखी कंपनी असेल तर या भागाला कोडिंगइतकंच महत्त्व दे. त्यांची 16 तत्त्वं त्यांच्याच संकेतस्थळावर आहेत आणि प्रश्न त्यांना धरूनच येतात. प्रत्येक तत्त्वाला वेगळा प्रसंग शोधायची गरज नाही. सहा-सात दमदार प्रसंग वेगवेगळ्या बाजूंनी सांगता येतात. तुझ्या हातून चूक झाल्याचा प्रसंग विचारला तर 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' असलं काही सांगू नकोस, देवाशपथ. खरी चूक सांग, आणि त्यानंतर काय बदललंस ते सांग.

सिस्टिम डिझाइनचा, म्हणजे एखादी मोठी सेवा कशी उभारशील ते विचारणारा राउंड चार वर्षांच्या अनुभवाला बहुधा असतो. तिथेही आधी आकडे विचार. दिवसात 86400 सेकंद. रोज 10 लाख विनंत्या म्हणजे सेकंदाला बारा, त्या एक साधा डेटाबेस आरामात झेलतो. रोज 10 कोटी म्हणजे सेकंदाला साधारण 1160, गर्दीच्या वेळी दोन-तीनपट. प्रत्येक नोंद 1 केबीची धरली तर दिवसाला 100 जीबी, वर्षाला 36 टीबीच्या वर. या दोन सेवांची रचना वेगळी होणार, आणि किती ते न विचारता जो फळ्यावर थेट काफ्का (संदेशांचा मोठा ओघ हाताळणारं सॉफ्टवेअर) आणि शार्डिंग (डेटा अनेक यंत्रांवर वाटणं) काढतो त्याच्याबद्दल फॉर्मवर काय येतं ते तुला आता सांगायला नको. तू जी सिस्टिम चार वर्षं सांभाळतेस तीच कोऱ्या कागदावर काढून बघ: दहापट भार आला तर पहिलं काय मोडेल? शंभरपट आला तर? पाठ केलेल्या दहा आराखड्यांपेक्षा हा अभ्यास जास्त उपयोगी पडेल.

निकालाचं एक सांगून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःला खात बसणार नाहीस. चुकीचा माणूस घेण्यापेक्षा चांगला माणूस हातचा गेलेला बरा, असा या कंपन्यांचा हिशोब असतो. त्यामुळे चांगल्या लोकांना नकार येतात, दरवर्षी, ढिगानं. त्यात कोणाला कोणता प्रश्न आला, समोरचा कसा होता, याचाही हात असतो. नकार आला तर पुन्हा अर्ज करायला बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं, तेवढंच. होकार आला आणि लेव्हल, म्हणजे कंपनीतली तुझी श्रेणी, अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली निघाली, तर लगेच हिरमुसूही नकोस आणि लगेच सहीही करू नकोस. कशावरून ठरवलं ते विचार, आणि पगाराइतकंच लेव्हलबद्दलही बोल. वरच्या लेव्हलला जायला आत गेल्यावर एखाद-दोन वर्षं सहज जातात.

आता रिक्रूटरला मेल टाक. राउंड किती आणि कशाकशाचे, कोणत्या भाषेत कोड लिहिता येईल, कोड चालवता येतो का, एआयबद्दल नियम काय, कोणत्या लेव्हलसाठी विचार चालू आहे. हे विचारणं त्यांच्या रोजच्या ओळखीचं आहे, आणि तू पुढे गेलीस तर त्यांचंही काम होतं, म्हणून ते नीट उत्तर देतात. पाच आठवडे अपुरे वाटले तर याच मेलमध्ये दोन आठवड्यांची मुदत माग. आधीच मागितली तर सहसा मिळते. आदल्या दिवशी मागू नकोस.